गावाचा हिशेब लेखी मागा: ग्रामसभेपासून माहिती आयोगापर्यंतची वाट

ग्रामसभा कधी झाली ते कळलंच नाही, ही तक्रार सातारा-सांगलीतल्या माण, खटाव, आटपाडी, जत या पट्ट्यात पारापारावर ऐकायला मिळते. प्रोसिडिंग बुकात, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताच्या वहीत, मात्र सभा झालेली असते. ठराव असतो, सूचक-अनुमोदकांची नावं असतात, खाली 'सर्वानुमते मंजूर' असा शेराही असतो. मी खटाव तालुक्यातला. आमच्या वस्तीवरच्या सिमेंटच्या रस्त्याला पहिल्याच पावसाळ्यात भेगा पडल्या, तेव्हा आम्ही पंचायतीसमोर तास-दीड तास भांडलो आणि घरी आलो. हाती काही लागलं नाही, कारण आम्ही बोललेलं कुठे लिहिलंच गेलं नव्हतं. त्यानंतर कागद मागायला शिकलो. आता आजूबाजूच्या गावांतल्या लोकांना अर्ज लिहायला मदत करतो. कारभार कागदावर चालतो, म्हणून त्याचा जाबही कागदावरच मागावा लागतो. तो कसा मागायचा, ते क्रमाने सांगतो.

आपल्या भागाला हे नवीन नाही. औंध संस्थानाची राज्यघटना १९३९ च्या जानेवारीत आली आणि राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी ७२ गावांचा कारभार पंचायतींच्या हाती सोपवला. गांधीजींनी त्यात जातीने लक्ष घातलं होतं. आजच्या आटपाडी तालुक्याचा मुलूख त्याच संस्थानात होता. पुढे १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने इंग्रजी अंमल असतानाच गावोगाव न्यायदान मंडळं चालवली. वाळवा, तासगाव तेव्हा सातारा जिल्ह्यातच होते. देवराष्ट्र्यात जन्मलेले यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना १९६१ चा जिल्हा परिषद कायदा झाला. अशा मुलखात ग्रामसभेला वीस-पंचवीस माणसं जमतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ग्रामसभा: आधी नोटीस, मग प्रश्न, मग प्रोसिडिंग

१९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला राज्यघटनेत जागा मिळाली. ती दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली. मतदारयादीत नाव असलेला गावचा प्रत्येक माणूस ग्रामसभेचा सभासद असतो. सरपंचाने बोलावलं म्हणून तुम्ही तिथे जात नाही, ती सभा तुमचीच आहे.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ प्रमाणे आर्थिक वर्षात किमान चार सभा घ्याव्या लागतात. बहुतेक गावांत २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखा रुळल्या आहेत. पुरेसं कारण नसताना सभा घेण्यात कसूर केली, तर सरपंचाचं पदसुद्धा जाऊ शकतं. सर्वसाधारण सभेची नोटीस सात दिवस आधी लागते. नियमित सभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते; ती बहुतेक ठिकाणी कागदावरच उरकली जाते, आणि माझ्या मते गावाचं सर्वांत मोठं नुकसान तिथेच होतं.

सभेची नोटीस लागली की तिचा मोबाइलवर फोटो काढा. तारीख, वेळ, विषयपत्रिका, सगळं त्यात दिसलं पाहिजे. नोटीस लागलीच नसेल, तर रिकाम्या फलकाचा फोटोही उपयोगी पडतो. मग आपला प्रश्न तीन-चार दिवस आधी लेखी द्या. ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या नावाने अर्ज करायचा. २०२४ पर्यंत या पदाला ग्रामसेवक म्हणत आणि गावात अजूनही तेच म्हणतात. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर सही, शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून हलू नका. पोच द्यायला टाळाटाळ झाली, तर तोच अर्ज पोच-देय रजिस्टर पोस्टाने पाठवा.

प्रश्न लहान आणि मोजता येईल असा हवा. 'गावात भ्रष्टाचार का होतो?' या प्रश्नाला उत्तर नसतं. 'मागच्या आर्थिक वर्षात वित्त आयोगाच्या निधीतून कोणती कामं झाली, प्रत्येक कामावर किती खर्च झाला आणि देयक कोणाला दिलं?' याचं उत्तर द्यावंच लागतं.

गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी कमी असेल तेवढी माणसं लागतात. तेवढी नसली की सभा तहकूब होते, आणि तहकूब झालेल्या सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. म्हणजे पहिल्या दिवशी लोक आले नाहीत, तर दुसऱ्या वेळी मूठभर माणसं ठराव करून मोकळी होतात. आपण नाही गेलो तर काय बिघडतं, असं म्हणणाऱ्या शेजाऱ्याला हे जरूर सांगा.

सहीचीही काळजी घ्या. पुष्कळ ठिकाणी सुरुवातीलाच हजेरीच्या पानावर सह्या घेतात आणि ठराव नंतर लिहितात. कोऱ्या ठरावाच्या पानावर सही करू नका. सभा संपताना शेवटच्या सहीखाली आडवी रेघ मारून 'एकूण उपस्थिती इतकी' असं अंकी आणि अक्षरी लिहून घ्या. एवढी एक रेघ मारली की मागाहून नावं घुसवता येत नाहीत. झालेले ठराव तिथल्या तिथे वाचून दाखवायला सांगा, आणि तुमचा प्रश्न व त्याला मिळालेलं उत्तर प्रोसिडिंगमध्ये आलं आहे की नाही ते पाहा.

अर्जाआधी, घरबसल्या

केंद्राच्या ई-ग्रामस्वराज पोर्टलवर गावाचा विकास आराखडा आणि वित्त आयोगाच्या पैशातून झालेली देयकं दिसतात. जिल्हा, तालुका, गाव निवडायचं आणि वर्ष टाकायचं. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के भाग २०२१-२२ पासून बंधित होता, म्हणजे पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्चायचा. उरलेला ४० टक्के अबंधित. बंधित पैशातून कमान किंवा पेव्हर ब्लॉक झालेले दिसले, तर तिथे बोट ठेवा. गावच्या आराखड्यात नसलेलं काम झालं असेल, तर ते कोणत्या सभेच्या ठरावाने झालं, हा तुमचा पहिला प्रश्न.

रस्ता मोजायचा कसा

हा भाग मी जरा सविस्तर सांगतो, कारण गावात सर्वांत जास्त पैसा सिमेंट, खडी आणि गटारांत जातो आणि तो साध्या टेपने पडताळता येतो.

प्रत्येक कामामागे कागदांची एक माळ असते: ग्रामसभेचा ठराव, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा किंवा दरपत्रकं, कार्यारंभ आदेश, मोजमाप वही, देयक, पूर्णत्वाचा दाखला. यांतली मोजमाप वही, जिला सगळे एम.बी. म्हणतात, ती सर्वांत महत्त्वाची. शाखा अभियंत्याने जागेवर जाऊन लांबी, रुंदी, जाडी मोजली असं ती वही सांगते, आणि देयक तिच्यावरूनच निघतं.

समजा एम.बी.मध्ये रस्ता १२० मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि ०.१५ मीटर जाड लिहिला आहे. तिन्हींचा गुणाकार ५४ घनमीटर. पैसे ५४ घनमीटर काँक्रीटचे निघाले. प्रत्यक्षात जाडी ०.१० मीटरच भरली, तर काँक्रीट ३६ घनमीटरच पडलं. लांबी-रुंदी बरोबर असूनही तिसरा हिस्सा गायब. म्हणून नुसती लांबी मोजून समाधान मानू नका. कडेची जाडी बघूनही निर्णय घेऊ नका; कडेला जाडी पुरी भरते आणि मध्ये कमी पडते, असं होऊ शकतं.

रस्ता स्वतः फोडायचा नाही. सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीची तक्रार उलटी तुमच्यावरच येईल. माहिती अधिकाराच्या कायद्यात कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्क कलम २ मध्येच दिलेला आहे. तो अर्जात मागा आणि अधिकाऱ्याच्या समोर मोजणी करून घ्या. टेप धरताना, मोजताना फोटो काढा आणि गावातल्या दोघा-तिघांच्या सह्यांचं टिपण तिथेच करून ठेवा.

ग्रामपंचायतीच्या दप्तरातले काही नमुने, म्हणजे ठरलेल्या नोंदवह्या आणि तक्तेही ओळखीचे हवेत. नमुना १ म्हणजे अर्थसंकल्प, नमुना ५ रोकड वही, नमुना ८ घरांच्या आकारणीचा, नमुना ९ कराच्या मागणीचा. कुठल्या तारखेला कोणाला किती दिले, ते रोकड वहीत सापडतं. यांच्या जोडीला मागच्या तीन वर्षांचा लेखापरीक्षण अहवाल आणि त्यावरचं अनुपालन, म्हणजे आक्षेपांना दिलेली उत्तरं, मागा. लेखापरीक्षकाने काढलेले आक्षेप वर्षानुवर्षं तसेच पडून असतात. तुमचं अर्धं काम सरकारच्याच माणसाने आधी करून ठेवलेलं असतं, ते वाचणारं कोणी नसतं.

माहितीचा अर्ज

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ हा १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू आहे. महाराष्ट्रात अर्ज 'जोडपत्र अ' नमुन्यात करतात. त्यावर १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क नाही, फक्त दाखल्याची प्रत जोडायची. आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा आहे. माहिती कशासाठी हवी, ते सांगायचं बंधन नाही. कोणी विचारलं तर नम्रपणे कलम ६ दाखवा.

मजकूर असा ठेवावा:

'विषय: (वस्तीचं नाव) येथील सिमेंट रस्त्याच्या कामाबाबत. कालावधी: १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५. मला पुढील कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात. १) या कामास मान्यता देणारा ग्रामसभेचा ठराव, त्या सभेची नोटीस व उपस्थितीचे पान. २) अंदाजपत्रक, तांत्रिक व प्रशासकीय मान्यता. ३) कार्यारंभ आदेश. ४) मोजमाप वहीतील संबंधित पाने. ५) देयके व पूर्णत्वाचा दाखला. तसेच या कामाची प्रत्यक्ष पाहणी करून मोजमाप घेण्यासाठी दिनांक व वेळ कळवावी.'

यात 'का' हा शब्द कुठेही नाही. माहिती अधिकारी दप्तरात असलेला कागद द्यायला बांधील आहे, खुलासा करायला नाही. 'निकृष्ट काम का केले?' असं विचारलं की अर्ज फेटाळायला आयतं कारण मिळतं. माझे सुरुवातीचे दोन अर्ज असेच वाया गेले.

कार्यालय चुकलं तरी अर्ज बुडत नाही. कलम ६(३) प्रमाणे तो पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवायचा असतो. काम ग्रामपंचायतीने केलं की जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाने, हे नक्की नसेल तर निर्धास्त अर्ज करा. उत्तराची मुदत ३० दिवस. प्रतीला दर पानाला २ रुपये पडतात. पैसे भरण्याचं पत्र आलं की लगेच भरून पावती घ्या, कारण पत्र आल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस मुदतीत धरत नाहीत. आणि मुदत टळून गेल्यावर दिलेली माहिती कलम ७(६) खाली मोफत द्यावी लागते. तेव्हा पानांचे पैसे मागितले तर हे कलम लिहून द्या.

घरकुलाच्या किंवा महापुराच्या अनुदानाच्या याद्या मागितल्या की 'ही वैयक्तिक माहिती आहे' असं उत्तर हल्ली वाढलं आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातलं कलम ८(१)(ञ) बदललं, त्याचा हा आधार. हा बदल मला घातक वाटतो, कारण २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर वाळवा, पलूस, मिरजेकडच्या गावांत कोणाचा पंचनामा झाला आणि कोणाचा राहिला, ते यादी समोर आल्याशिवाय कळणार कसं? तरीही दार पूर्ण बंद झालेलं नाही. सार्वजनिक हित मोठं असेल तर माहिती देता येते, हे सांगणारं कलम ८(२) अजून आहे. अर्जात त्याचा उल्लेख करा आणि आधार क्रमांक, बँक खातं, फोन नंबर आपणहून वगळायला सांगा. लाभार्थ्याचं नाव, रक्कम आणि तारीख एवढंच आपल्याला हवं असतं.

उत्तर आलं नाही तर

तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा. अर्ज १ जूनला पोचला, तर ३० दिवस १ जुलैला संपतात. तिथून पुढे ३० दिवसांत, म्हणजे ३१ जुलैपर्यंत, पहिलं अपील 'जोडपत्र ब' मध्ये करायचं. त्यावर २० रुपयांचं तिकीट. ग्रामपंचायतीच्या बाबतीत अपिलीय अधिकारी पंचायत समितीत असतो. त्याचं नाव आणि पद कार्यालयातल्या फलकावर असायला हवं. त्याने ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत निर्णय द्यायचा. सुनावणीला जाताना अर्जाची पोच, पोस्टाची पावती आणि आलेली पत्रं तारखेवार लावून न्या. तिथे भांडू नका. 'कोणता कागद मिळाला नाही' एवढीच यादी द्या आणि ती निर्णयात लिहायला सांगा.

त्यानेही काम झालं नाही, तर ९० दिवसांत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे. सातारा-सांगलीसाठी पुणे खंडपीठ. विलंबाबद्दल माहिती अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड होऊ शकतो. इथे एक चूक फार होते. कलम १८ ची तक्रार आणि कलम १९ चं अपील या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केलं की कलम १८ च्या तक्रारीत दंड होईल, पण माहिती द्या असा आदेश मिळणार नाही. कागद हवा असेल तर अपीलच करा.

आयोगाकडे वेळ फार लागतो. तोपर्यंत हात बांधून बसू नका. पुढच्या सभेत तोच प्रश्न पुन्हा द्या. जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, तिथे जाता येतं, मात्र अपिलात चाललेला विषय तिथे घेत नाहीत. सरपंचाचं गैरवर्तन कागदांवरून दिसत असेल, तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ३९ खाली जिल्हा परिषदेकडून चौकशी होऊन प्रकरण विभागीय आयुक्तांकडे जातं. साध्या दाखल्यांसाठी मात्र इतकं काही लागत नाही. त्यासाठी २०१५ चा लोकसेवा हक्क अधिनियम आहे, त्यात प्रत्येक सेवेला दिवस ठरवून दिलेले आहेत आणि कसूर करणाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड आहे.

टँकरच्या खेपा

माण-खटाव, जत, आटपाडीत दुष्काळी वर्षात हा विषय रस्त्याहून मोठा. टेंभू-म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचं पाणी आलं तरी कितीतरी वाड्या-वस्त्या उन्हाळ्यात टँकरवरच असतात. टँकरचा हिशेब सोपा आहे: रोजच्या मंजूर खेपा, टँकरची क्षमता, प्रत्यक्ष आलेल्या खेपा. शेवटच्या आकड्यासाठी लॉगबुक असतं, त्यावर गावातल्या कोणाची तरी सही लागते.

आमच्या शेजारच्या एका वस्तीवर तीन खेपा मंजूर होत्या. पाणी पुरत नव्हतं. तिथल्या एका मावशींनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर टँकर आला की रेघ ओढायला सुरुवात केली. "पाणी कुठंतरी मुरतंय, पण आमच्या हंड्यात नाय," एवढंच त्या म्हणायच्या. दोन महिन्यांच्या रेघा जमल्यावर आम्ही लॉगबुकच्या प्रती मागितल्या. लॉगबुकात रोज तीन, कॅलेंडरवर बहुतेक दिवशी दोन. सह्या ज्याच्या नावाने होत्या, तो माणूस त्या काळात मुंबईला होता. अर्ज केला तेव्हा लॉगबुकाबरोबर टँकरच्या जीपीएसची नोंदही मागितली होती. ती आल्यावर वाद घालायला जागा उरली नाही. तुमच्या वस्तीवर टँकर सुरू झाला, तर पहिल्या दिवसापासून कोणीतरी एकाने हे करावं. तारीख, वेळ, गाडीचा नंबर, बस्स.

निवडून आलेलं कोणी नसेल तेव्हा

२०२२ च्या मार्चमध्ये सातारा, सांगलीसह राज्यातल्या अनेक जिल्हा परिषदांची मुदत संपली. ओबीसी आरक्षण आणि गट-गणांच्या, म्हणजे मतदारसंघांच्या, रचनेचे वाद कोर्टात गेले आणि पुढची काही वर्षं प्रशासकांनी कारभार पाहिला. राज्यघटनेचं कलम २४३-ई सांगतं की मुदत पाच वर्षांची आणि ती संपायच्या आत निवडणूक झाली पाहिजे. तरी हे घडलं. प्रशासक वाईट असतो असं मी म्हणत नाही. पण त्याला पुढच्या वेळी मत मागायला दारात यायचं नसतं, आणि ज्याला दारात यायचं नाही त्याच्याशी बोलण्याचा मार्ग लेखी अर्ज हाच उरतो. तुमच्या ग्रामपंचायतीवर प्रशासक बसला असेल तरी ग्रामसभा घेणं टळत नाही, दप्तर दाखवणं टळत नाही, माहितीच्या अर्जाची मुदत थांबत नाही. अशा काळात अर्ज जास्त करा.

जपून

तळेगाव दाभाड्याच्या सतीश शेट्टींचा १३ जानेवारी २०१० रोजी खून झाला. जमिनींचे गैरव्यवहार ते माहितीच्या अधिकारातून बाहेर काढत होते. म्हणून एकट्याने पुढे होऊ नका. एकाच कामाबद्दल तिघा-चौघांनी वेगवेगळे अर्ज करा. मग एकाला दाबून उपयोग होत नाही. मिळालेल्या कागदांचे फोटो त्याच दिवशी दोन-तीन घरांत ठेवा. धमकी आली तर पोलिसांत लेखी तक्रार, पोचसह.

आणि अर्ज मागे घेण्यासाठी कोणी चहाला बोलावलं तर जाऊ नका. माहितीचा अर्ज टाकून तडजोड करणारी माणसं प्रत्येक तालुक्यात आहेत आणि त्यांच्यामुळे खऱ्या अर्जदाराकडे संशयाने पाहिलं जातं. आम्ही एक नियम पाळतो: अर्ज करताना गावातल्या चारजणांना सांगायचं, आणि मिळालेला कागद सभेत वाचल्याशिवाय कपाटात ठेवायचा नाही.

कागद परत सभेत आणा

कागद हाती आले की लोक थकतात आणि फाइल बांधून ठेवतात. तसं करू नका. पुढच्या सभेच्या आधी लेखी विषय द्या: 'अमुक कामाच्या मोजमाप वहीतील नोंदी व प्रत्यक्ष मोजणी यांतील तफावतीवर चर्चा व ठराव.' सभेत भाषण नको, आकडे वाचा. वहीत इतकं, जागेवर इतकं, फरक इतका. मग ठरावाचा मसुदा तुम्हीच लिहून न्या: फेरमोजणी करावी, तोवर ठेकेदाराची अनामत रक्कम देऊ नये, फरक वसूल करावा, अहवाल पुढील सभेत ठेवावा. सूचक आणि अनुमोदक आधीच ठरवून ठेवा.

आमच्या रस्त्याच्या वेळी सूचक म्हणून उभी राहिली ती वस्तीवरचीच एक सून, जिने त्याआधी सभेत कधी तोंड उघडलं नव्हतं. आकडे तिने वाचले. सभेला त्या दिवशी दीडशेच्या वर माणसं होती. ठराव लिहून झाल्यावर तिने प्रोसिडिंग बुक स्वतःकडे ओढून घेतलं, सगळं वाचलं, 'चर्चा झाली' हे शब्द खोडून तिथे 'फेरमोजणी करण्याचे ठरले' असं लिहायला लावलं, आणि शेवटच्या सहीखाली रेघ मारली.